पंचाच्या हाताआधी

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या दिवशी जेवणाचं काम माझ्याकडे असतं. बाहेरून पैलवान किती येणार, पंच किती, कुणाला मटण चालत नाही, कोण कुस्तीआधी पाण्यालाही शिवत नाही आणि नंतर बादलीभर दूध संपवतो, हे सगळं मी आधी लिहून काढते आणि मगच चुली मांडते. गावातल्या बायकांना याचं हसू येतं. हसू दे. अजूनपर्यंत आमच्या पंगतीतून कुणी अर्ध्या पोटी उठलेलं नाही.

कुस्तीची सवय मला सासरी आल्यावर लागली. माझा धाकटा दीर तेव्हा ऐन भरात होता. त्याचं दूध, त्याचे बदाम वाटून ठेवणं, जत्रेला निघताना लंगोट आणि टॉवेल पिशवीत घालणं, हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या गळ्यात टाकलं. त्यामुळे शिरड शहापूरकडची जत्रा कधी, औंढ्याकडची कधी, कुठल्या गावची माती भुसभुशीत आणि कुठली टणक, हे मला माहेरच्या सणावारांइतकं पाठ झालं. औंढ्याकडची एक कुस्ती मात्र मी डोळ्यांनी पाहिली. आज जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

माझा दीर हरला म्हणून ती कुस्ती लोकांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात ती वेगळ्या कारणानं आहे.

त्या दिवशी माईकवर जो निवेदक होता तो सेनगावच्या बाजूचा. तेव्हा तो काही फार मोठा माणूस नव्हता. जीपवर भोंगा बांधून गावोगावच्या जत्रा सांगत फिरायचा आणि दुपारनंतर त्याच भोंग्यावर कुस्त्या बोलायचा. पण बोलायचा असा की बायकाही ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. पैलवानाचं गाव, वस्ताद, बाप, आजा, बापानं कुणाला कुठं पाडलं होतं, सगळं तोंडपाठ. दोन पैलवान नुसते एकमेकांच्या हाताला हात लावून फिरत असले तरी त्याच्या बोलण्यानं अंगावर काटा यायचा. हलगीवाला त्याच्या आवाजावर चालायचा. त्यानं आवाज चढवला की हलगी चढायची, त्यानं खाली आणला की खाली यायची. आमच्या भागात अजूनही हीच रीत आहे. हलगीवाल्याला पैलवान दिसत असतात, पण तो बघत नाही. तो ऐकतो.

शेवटची कुस्ती माझ्या दिराची होती. समोरचा पैलवान बाहेरच्या जिल्ह्यातला, वजनानं जास्त. बराच वेळ दोघं एकमेकांना हलवत होते. मग समोरच्यानं पट काढला, म्हणजे वाकून पाय ओढले, दीर खाली गेला, आणि पाठ जमिनीला लागायच्या आत त्यानं मान टेकवून अंगाची कमान केली. पैलवान सगळा भार मानेवर आणि टाचांवर घेतो, खांदे वर राहतात. तसा तो तोलून होता. वरचा त्याला दाबत होता. खांदे आणि माती यांच्यात वीतभर अंतर होतं. मी बायकांच्या बाजूला उंचावर उभी होते, मला ते स्वच्छ दिसत होतं.

निवेदक ओरडला, "झाली कुस्ती."

हलगी फिरली. जिंकल्याची हलगी वेगळी असते, ती ऐकली की लोक थांबत नाहीत. माणसं आत घुसली, वरच्या पैलवानाला उचलून खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला. पंच पलीकडच्या बाजूला होता. त्याला गर्दीतून काही दिसलं नसणार, पण सगळं जग हात वर करतंय म्हणून त्यानंही केला. लोक त्या पैलवानाला घेऊन फेरी मारायला निघाले, मधली माती मोकळी झाली, तेव्हा माझा दीर दिसला. तो अजून तसाच होता. मानेवर, टाचांवर, कमान केलेला. त्याच्या अंगावर आता कुणीच नव्हतं आणि त्याची पाठ अजून लागलेली नव्हती.

कुणीतरी जाऊन त्याला खांद्याला धरून उठवलं.

त्या कुस्तीचं चित्रण कुणीतरी केलं होतं आणि ते पुढं फार फिरलं. जिंकलेल्याचं नाव झालं. निवेदकाचंही झालं, कारण "झाली कुस्ती" ही त्याची खास ओळख बनली. पोरं खेळताना तसंच ओरडायची. माझ्या दिराला मोठ्या कुस्तीचं बोलावणं नंतर आलं नाही. निवेदकानं त्याचं नाव कुठल्याच फडात पुन्हा घेतलं नाही, आणि ज्याचं नाव माईकवर येत नाही त्याची जोड कोण लावणार. दीर शेती बघू लागला. घरामागं पत्र्याचं शेड टाकून लाल मातीचा हौद केला आणि गावातल्या लेकरांना शिकवू लागला. लोक त्याला वस्ताद म्हणू लागले. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही. मानेला थंडीत तकलीफ व्हायची तेव्हा जाऊ तेल चोळून द्यायची, एवढंच.

मधल्या काळात निवेदक फार पुढं गेला. आधी जिल्ह्याच्या चॅनलवर, मग स्वतःचं मोबाईलवरचं चॅनल, मग मोठ्या स्पर्धांना कोट घालून काचेच्या खोलीत. आमच्याकडच्या जत्रांना तो वर्षातून मोजक्या वेळा यायचा, तेही नाव राखायला. यंदा बातमी आली की यापुढं तो जत्रा बंद करणार आहे. आमच्या जत्रा कमिटीनं ठरवलं की त्याची शेवटची जत्रा आपल्या गावची व्हावी आणि फेटा बांधून सत्कार करावा.

ही बैठक आमच्या ओसरीवर झाली. जोड्या कुणाच्या लावायच्या हे वस्तादाशिवाय ठरत नाही, म्हणून कमिटी आमच्याकडेच बसते. हळद शिजवून वाळत घातलेली होती, सगळं अंगण पिवळं होतं, आणि येणारा प्रत्येक जण कडेकडेनं पाय उचलून येत होता. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे गावातले मेडिकलवाले. त्यांच्यासमोर एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. हे दोघं निवेदकाचे सगळ्यात जुने चाहते. दोघंही त्याचा एक व्हिडिओ सोडत नाहीत आणि एका गोष्टीवर त्यांचं एकमत होत नाही. आमचे हे मधे बसलेले. मी चहा घेऊन आले आणि दाराशी थांबले.

"ह्या माणसानं कुस्ती वाचवली," मेडिकलवाले म्हणाले. "पोरायच्या हातात मोबाईल आहे, त्याच्यात क्रिकेट सोडून लाल माती कुणामुळं आली, सांगा."

"आली व्हय," ड्रायव्हर म्हणाले. "पण कुणाची आली? ज्याचा वस्ताद ह्याला गाडी पाठवतो, त्याची आली. बाकीचे पैलवान गाडीच्या मागं धूळ खात बसले."

"तुमी तर रोज ऐकता त्याला."

"ऐकतो म्हणून बोलतो. जो ऐकत न्हाई त्यानं काहून बोलावं?"

"घराणं सांगतो, आज्याचं नाव सांगतो," आमचे हे म्हणाले. "आमच्या आज्यानं कुठं कुस्ती मारली हे आमाला ठाव न्हवतं, ह्यानं सांगितलं."

"आणि खरं कशावरून?" ड्रायव्हर म्हणाले. "तुमचा आजा उठून न्हाई म्हणायला येणार हाय का?"

बाकीचे हसले. ड्रायव्हर हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आधी तो कुस्ती बघून बोलायचा. नंतर लोकायची टाळी बघून बोलायला लागला. आता तर बोलायच्या आधीच त्याला ठाव असतं की कोणतं वाक्य कापून चॅनलवर टाकायचं. मला तो आवडतो, मेडिकलवाले. म्हणून तर वाईट वाटतं."

"इतके दिवस टिकला तो. कोण टिकलं त्याच्याबरूबर? जुने सगळे निवेदक घरी बसले."

"टिकला. पण त्याच्या तोंडानं किती जण घरी बसले, तेबी धरा हिशोबात."

तेवढ्यात दीर हौदावरून हात धुऊन ओसरीवर आला. तो खाली बसला. मेडिकलवाल्यांनी घसा साफ केला आणि निवेदकाला बोलवायचं ठरतंय, असं सांगितलं. वस्तादाची काही हरकत?

"यावं त्यानं," दीर म्हणाला. "गावचा पाहुणा हाय. फेटा मीच बांधीन, कमिटीनं म्हटलं तर. पण मग माझी पोरगी उतरणार न्हाई."

त्याची मुलगी, माझी पुतणी, आतल्या खोलीत होती. मला तिचा बांगड्या नसलेला हात दाराच्या चौकटीवर दिसला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. बापाच्या हौदात वाढलेली. आमच्या जत्रेत मुलींची कुस्ती लावायला गावानं यंदा पहिल्यांदा होकार दिला होता, तो तिच्यासाठी. समोरची जोडही ठरली होती, परभणीकडची मुलगी, तोलामोलाची. आणि या सगळ्याच्या मागं एक कारण होतं. मुलींच्या एका क्रीडा वसतिगृहाचे प्रशिक्षक नव्या मुली बघायला याच निवेदकाचं चॅनल लावतात, हे तालुक्यातल्या सगळ्या मुलींना माहीत होतं. तिथं जागा मिळाली तर मॅटवरचा सराव, खाणं, शिक्षण, सगळं एका ठिकाणी. नाही मिळाली तर पत्र्याचं शेड आणि बाप.

बैठक उठल्यावर ती बाहेर आली. बापाशी बोलली नाही. माझ्यापाशी येऊन हळद चाळायला बसली.

"मोठी माय, तूच सांग. त्याच्या चॅनलवर दिसल्याबिगर मला कोण बोलावणार हाय?"

"तुझ्या बाबाला सांग."

"बाबाला मी काय सांगू? मी जन्मले न्हवते तवाचं हाय ते. ते मला कधी सांगितलंबी न्हाई त्यानं. मी मोबाईलवर बघितलं."

दीर चार पावलांवर बैलाच्या दाव्याला गाठ मारत होता. त्यानं ऐकलं. गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

मी हिशोबी बाई आहे. रडून किंवा गप्प बसून काम होत नाही, हे मला कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर हौदाला पाणी मारत होता तेव्हा मी तिथं गेले आणि सरळ विचारलं.

"भाऊजी, तुम्हाला नेमकी भीती कशाची? तो तिचं नाव घेणार नाही याची, का चुकीचं घेईल याची?"

तो पाणी मारत राहिला. "वैनी, तो ओरडला की हलगी फिरते. हलगी फिरली की मग पंच कुणी बघत न्हाई. एकदा झालं ना हे. लेकराच्या वाट्याला कशाला?"

"मग हलगी फिरू नये एवढंच बघायचं ना?"

त्यानं पाइप खाली टाकला. मग म्हणाला, "हलगीवाल्यानं पंचाच्या हाताकडं बघून वाजवायचं. माईककडं कान न्हाई द्यायचा. हे होत असंल तर उतरू दे तिला."

मी त्याच दिवशी हलगीवाल्याकडं गेले. म्हातारा माणूस, तीन पिढ्या आमच्या जत्रेत वाजवतात. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

"बाई, तुमी म्हणता ते बराबर हाय. पण माझ्या हाताला ते कळंल का? माझ्या बापानं मला हलगी शिकवली तवा डोळे झाकायला लावायचा. आवाज ऐक म्हणायचा. आता ह्या वयात डोळ्यानं वाजव म्हणता."

"पंचाच्या समोर उभं राहा. मी तुम्हाला जागा राखून देते."

"उभा राहतो की. कोशिश करतो," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यावर माझा भरवसा बसला नाही, पण दुसरा मार्ग नव्हता. मी येऊन दिराला सांगितलं की हलगीवाला तयार आहे. कोशिश करतो, असं म्हातारा म्हणालाच होता.

कुस्त्यांच्या दिवशी मी सकाळपासून चुलीवर होते. दुपारी भाकरी बायकांच्या हवाली करून मी फडाच्या कडेला गेले. निवेदक आलेला होता. केस पांढरे झालेले, अंगात पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं. मंचावर त्याच्यापुढं मोबाईलचे स्टँड लावलेले. बोलायला लागला आणि मला मान्य करावं लागेल की तो आवाज ऐकून मीही पूर्वीसारखीच दोन पावलं पुढं सरकले. मंचाजवळ ड्रायव्हर आणि मेडिकलवाले शेजारी शेजारी बसले होते आणि प्रत्येक कुस्तीनंतर हळू आवाजात भांडत होते.

माझ्या पुतणीचा पुकारा झाला. निवेदकानं तिचं नाव घेतलं, गावाचं घेतलं. मग थोडा थांबला आणि म्हणाला, "पैलवानाची लेक." कोणत्या पैलवानाची ते सांगितलं नाही. दीर हौदाच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता.

मुली चांगल्या लढल्या. परभणीकडची चपळ होती. आमची बळकट. दोनदा ती हिच्या हातातून निसटली. लोकांनी आधी चेष्टा केली, कुणीतरी पोळ्या लाटण्यावरून बोललं, आणि पहिली पकड पडल्यावर सगळे गप्प झाले. हलगीवाला पंचाच्या समोर उभा होता, मी राखलेल्या जागेवर. मग गर्दी पुढं सरकली आणि तो त्या लोंढ्यात वाहत कडेला गेला.

आमच्या मुलीनं पट काढला. समोरची खाली गेली. आमची तिच्यावर आडवी पडली आणि छातीनं दाबू लागली.

"झाली कुस्ती," निवेदक ओरडला. "झाली कुस्ती, गावाची लेक जिंकली."

हलगी फिरली. माझ्या डोळ्यांसमोर तो जुना फड उभा राहिला, फक्त या वेळी लोक आमच्या बाजूनं धावत होते. आमच्याच गावची पोरं, आमच्याच भावकीतली. त्यांनी पुतणीला उचललं, ती हातपाय झाडत होती आणि काहीतरी सांगत होती, पण ऐकू येत नव्हतं. पंचाचा हात वर जाता जाता खांद्यापर्यंत आला होता. मेडिकलवाले उभं राहून टाळ्या वाजवत होते. मंचावरून निवेदक बापाचं नाव घेत होता. इतक्या वर्षांनी, मोठ्यानं, माईकवरून माझ्या दिराचं नाव.

माणसं फेरी मारायला निघाली तशी मधली माती मोकळी झाली.

परभणीकडची मुलगी मानेवर होती. टाचा मातीत रुतवलेल्या, अंगाची कमान, डोळे घट्ट मिटलेले. तिच्यावर आता कुणीच नव्हतं. तिला ते कळलेलं नसावं.

मी दिराकडं पाहिलं. तोही तिच्याकडंच बघत होता. गाव त्याच्याकडं बघत होतं, कारण वस्ताद तो, बाप तो, जिंकलं त्याचंच घर. त्याला काही करायची गरज नव्हती. उभं राहिलं की झालं असतं. हातात मोबाईल धरून लाखो लोक बघणार होते, त्यातले वसतिगृहाचे प्रशिक्षकही, आणि हे त्याला माहीत होतं.

तो हौदात उतरला. चालत त्या मुलीपाशी गेला आणि तिच्या डोक्याशी मातीत मांडी घालून बसला. दोन्ही हात बाजूला पसरले, कुणी तिच्यावर पाय देऊ नये म्हणून. मग तिच्या खांद्याखाली आपला तळहात सरकवला आणि तो हात तिथंच ठेवून पंचाकडं बघितलं.

"हिची पाठ लागली न्हाई," तो म्हणाला. माईक नव्हता, तरी पुढच्या रांगांना ऐकू गेलं. "हात घालून बघा. जागा हाय."

पंच आला, वाकला, त्यानं हात घातला. हलगी थांबली. पुतणीला खाली सोडलं होतं, ती धावत येऊन बापाशेजारी उभी राहिली. धापा टाकत म्हणाली, "मी तेच सांगून राहिले बाबा. टेकली न्हवती. मला सोडतच न्हवते हे."

"माहीत हाय," दीर म्हणाला. मग त्या मुलीच्या कपाळाला हात लावला. "ऊठ बेटा. संपलं न्हाई अजून. पाणी पी."

भावकीतल्या एकानं कडेवरून हाक मारली, "वस्ताद, घरची कुस्ती घालवून राहिले काय?" दिरानं मान वळवली नाही.

कुस्ती उभ्यानं पुन्हा लागली. निवेदक काही बोलत नव्हता. भोंग्यातून नुसता वारा येत होता. आवाज नाही म्हणून हलगीवाल्यालाही काही सुचेना, तो हलगी छातीशी धरून उभा राहिला, आणि कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं पैलवानांकडं बघितलं. आमच्या मुलीनं पुन्हा पटाला हात घातला, घाईनं घातला, आणि परभणीकडची बाजूला सरकून तिच्या पाठीवर आली. मग तिनं आमच्या मुलीला उलटवलं. या वेळी दोन्ही खांदे मातीला लागले, मी पाहिलं. पंचानं हात वर केला. त्यानंतर, बऱ्याच वेळानं, निवेदकानं जिंकलेल्या मुलीचं नाव साध्या आवाजात सांगितलं.

पुतणी रडली नाही. तोंडावरची माती पुसून तिनं त्या मुलीला घरी जेवायला यायला सांगितलं. तिला वाढणाऱ्यांत माझी जाऊ, म्हणजे पुतणीची आई होती, आणि तिनंही दुधाची वाटी तिच्यापुढं आधी ठेवली. पण मुलीची एक संधी गेली होती, आणि ती बापानं हातानं मोडली होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

सत्कार झाला. फेटा दिरानंच बांधला. सत्कारानंतर निवेदकाला आमच्याकडं जेवायला आणलं. पंगतीत त्याला दिराशेजारी बसवायचं की नाही, हा प्रश्न मी सकाळीच सोडवून ठेवला होता, बसवायचं नाही असा. पण तो स्वतःच ताट उचलून दिराशेजारी जाऊन बसला. मी वाढत होते म्हणून मला ऐकू आलं.

"तुमच्या पोरीच्या बाजूनं गेलो व्हतो मी," तो म्हणाला. "तुमीच मोडलं."

"माझ्या बाजूनं जायचं व्हतं तवा न्हाई गेले," दीर म्हणाला. "आता दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावरून कशाला?"

निवेदक भाकरी मोडत राहिला. "मुद्दाम न्हाई केलं. आजबी न्हाई, तवाबी न्हाई. डोळ्याआधी माझं तोंड जातं. लोकायला तेच आवडलं. मग मलाबी तेच आवडायला लागलं." हातातला तुकडा ताटात ठेवून म्हणाला, "तवाचं मला औंढ्यातच कळलं व्हतं. लोक पांगल्यावर मी वरून बघितलं तुमाला."

"मग?"

"मग काय. तवर सगळ्या गावानं ऐकलं व्हतं. आपण चुकलो असं माईकवर कसं म्हणायचं, हे कुणी शिकवलं न्हवतं मला."

दिरानं त्याच्या ताटात भाजी वाढा म्हणून मला खूण केली. मी वाढली. जेवण होईपर्यंत दोघं जत्रांच्या मातीबद्दल बोलले, कुठली भुसभुशीत, कुठली टणक.

ते चित्रण निवेदकानं चॅनलवर पूर्ण टाकलं, काही न कापता. त्यात हलगी फिरतानाही दिसते आणि दीर मातीत बसलेलाही. वसतिगृहानं परभणीकडच्या मुलीला बोलावलं. आमच्या मुलीला नाही बोलावलं. पुतणी आठवडाभर हौदात उतरली नाही. मग एका सकाळी उठून बापाच्या आधीच माती उकरायला लागली. पुढच्या वर्षी दुसरीकडच्या निवडीला तिला न्यायचं आहे, त्याची तयारी मी आता धरली आहे. कागदपत्रं, फोटो, एसटीच्या वेळा.

निवेदकानं जत्रा बंद केल्या नाहीत. उलट उन्हाळाभर तो आमच्या भागातच फिरला. आणि त्याचे चाहते त्याच्यावर नाराज झाले आहेत. परवा मेडिकलवाले आमच्या ओसरीवर बसून म्हणत होते, "मजा गेली ह्याची. पैलवान खाली जातो आणि हा गप्प. पंचाचा हात वर गेला की मग बोलतो. तवर काय आमी श्वास धरून बसायचं?"

"वय झालं," आमचे हे म्हणाले.

"वय न्हाई," ड्रायव्हर म्हणाले. "आता तो कुस्ती बघून राहिला. आपल्याला त्याची सवय न्हाई. मलाबी न्हाई. सच सांगू का, मलाबी तो जुना आवाजच आवडायचा."

मागच्या शेडमध्ये दिराचा मोबाईल पत्र्याला टेकवून ठेवलेला असतो. सराव संपला की बापलेक घाम पुसत त्याच निवेदकाचं चॅनल बघतात. मी दुधाचे ग्लास घेऊन जाते. पैलवान खाली जातो, वरचा दाबत असतो, आणि भोंगा गप्प होतो. पूर्वी इथंच तो ओरडायचा. त्या गप्प जागी दीर हात लांब करून मोबाईलचा आवाज वाढवतो आणि मान थोडी पुढं काढून ऐकत राहतो, पंचाचा हात वर जाईपर्यंत.